अकरा आणि वीस

१

दहा तारखेच्या पाठीवर थेट बारा तारीख आली, तेव्हा बाइंडरबाईंना वाटलं, घाईत दोन पानं एकदम उलटली असतील. त्यांनी पान अलगद मागे घेतलं. जिभेला बोट न लावता, कारण पंचवीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या बाईनं पानाला थुंकी लावली तर हात झडावा. मागे दहा. पुढे बारा. अकरा तारीख नव्हतीच.

"अहो, हे पान कुठंय?"

समोरच्या टेबलावरच्या दफ्तरदारांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुठलं पान?"

"जे नाही ते."

दफ्तरदार उठून आले, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. पायदळ पलटणीचं सगळं जुनं दफ्तर त्यांच्या ताब्यात होतं. खोलीला एकच दार होतं. खाली फाटकावरची पहारेकरीण येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी तर उलटी करायचीच, जेवणाचा डबासुद्धा उघडून बघायची. इथून पान जाणं म्हणजे मुठीतून पाणी नव्हे, दगड गळून जाण्यासारखं होतं.

बाईंना मात्र त्या दफ्तराचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना आजोबा हवे होते. आजोबा महायुद्धात या पलटणीचे शिपाई. नदीकाठच्या लढाईत गेले ते परत आले नाहीत, आणि घरी एका ओळीचं पत्र आलं: बेपत्ता. त्या महिन्याचे तुकडीचे कागद वरच्या कचेरीत पोचलेच नाहीत, म्हणून ज्यांचा पत्ता नाही ते सगळे बेपत्ता. आता पलटण स्मारकाची नवी शिळा घडवत होती. नियम साधा होता: रोजच्या हजेरीपटात 'कामी आला' अशी नोंद असेल, तरच नाव शिळेवर. यादी आज संध्याकाळी पाच वाजता पाथरवटाकडे जाणार होती. बाईंच्या अर्जावर तीन महिने धूळ बसली होती आणि परवानगी आली ती आज सकाळी.

घरी आत्या वाट बघत होती. आजोबांची थोरली मुलगी, वय शहाऐंशी, दोन्ही डोळ्यांनी अंधुक. तिचं मागणं एवढंच होतं की बापाचं नाव दगडावर बोटांनी चाचपून बघायचं.

हजेरीपटात आजोबांचं नाव दहा तारखेपर्यंत रोज होतं. बारा तारखेपासून नव्हतं. जे काही झालं ते अकरा तारखेला झालं होतं, आणि तेच पान कुणीतरी पळवलं होतं.

२

"माझ्याकडे बघू नका," दफ्तरदार म्हणाले. बाई त्यांच्याकडेच बघत होत्या. "मला इथं येऊन आठ वर्षं झाली. या रजिस्टराला हात लावला असेल तो फक्त कपाट झाडताना. मेलं हे एकच कपाटात धड बसत नाही. बाकीची कशी शिस्तीत उभी राहतात, हे आपलं तिरकं."

"यापूर्वी कुणी मागितलं होतं?"

दफ्तरदारांनी भेटीची वही पुढे सरकवली. बाहेरच्यांना बघू द्यायला लागून तीनच वर्षं झाली होती, त्यामुळे नावं फार नव्हती. मेजरसाहेबांची सही जागोजाग होती. त्यांनी पलटणीचा इतिहास लिहिला होता आणि वरच्या मजल्यावर त्यांना खोलीच दिलेली होती. आणि गेल्या महिन्यात एकच नाव. फाटकासमोर दुकान असलेला घड्याळजी. त्याचे आजोबा याच तुकडीत हवालदार होते, आणि स्मारक समितीत तो होता. यादीवर शेवटची सही त्याचीच व्हायची होती.

वहीत एक रकाना होता: कोणत्या तारखेचा कागद हवा. घड्याळजीनं तिथे ठसठशीत लिहिलं होतं: वीस.

बाईंनी हजेरीपट पुढे चाळला. तुकडीचा कारकून नीटनेटका होता. एका दिवसाला एक पान, आणि तेही एकाच बाजूला. शिशाच्या पेन्सिलीनं दाबून लिहायचा, मागची बाजू कोरी सोडायचा. सतरा, अठरा, एकोणीस.

एकोणीसनंतर एकवीस होती.

३

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात शिरला होता. बाईंनी विषय काढला तसं त्यानं भिंग काढलं, पण घड्याळ खाली ठेवलं नाही.

"मी मागितलं तेव्हाही वीसचं पान नव्हतं."

"मग दफ्तरदारांना का नाही सांगितलं?"

"सांगून काय? जो बोंब मारतो त्यालाच आधी धरतात. आणि समितीतला माणूस मी. लोक म्हणाले असते, यानंच घातलं खिशात."

"आता मी तेच म्हणतेय."

तो हसला नाही. "म्हणा. तुमच्या आजोबांची फाईल मी वाचलीय. बेपत्ता. बेपत्ता म्हणजे काय काय असू शकतं ते तुम्हालाही माहितीय."

बाईंची कानशिलं तापली. त्याला म्हणायचा होता तो शब्द कुणी उच्चारत नसे, पण तो घरात कायम होता, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. "तुम्हाला वीस तारीख कशाला हवी होती?"

घड्याळजीनं हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाला, "आमचे आजोबा कधीच त्या जुन्या शिळेपाशी गेले नाहीत. बोलावणं यायचं, हे घरात बसायचे. म्हणायचे, यादी पुरी नाही. वीस तारखेला पहाटे ते दवाखान्याच्या तंबूत शुद्धीवर आले. त्याआधीचे दिवस ते नदीपलीकडे अडकले होते. कुणीतरी पाठीवर घालून आणलं, एवढंच त्यांना आठवायचं. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला तेवढं एक नाव हवं होतं."

सांगितलं छान होतं. पण छान सांगणाऱ्यांवर बाईंचा विश्वास कमीच. चोराच्या उलट्या बोंबा त्यांनी धंद्यात पुष्कळ ऐकल्या होत्या.

"माझ्यावर शंका आहे ना?" घड्याळजी पुन्हा भिंग लावत म्हणाला. "मग वर जा. मेजरसाहेबांनी चौदा वर्षांपूर्वी इतिहास छापलाय. त्यांनी ती दोन पानं वाचली असतील की नाही? पान एकशे बारा बघा. मी काही बोलत नाही."

४

मेजरसाहेबांची खोली इतकी नीटनेटकी होती की बसायला भीती वाटावी. पान एकशे बारावर वाक्य होतं: 'अकरा आणि वीस या दोन्ही दिवशी आघाडीवर शांतता होती.'

"साहेब, हे कशावरून लिहिलंत?"

"हजेरीपटावरून. दुसरं साधन कुठं आहे?"

"अकराच्या पानावर काय होतं?"

"शांतता होती म्हणून लिहिलंय ना बाई."

"पान पाहिलंत तुम्ही?"

मेजरसाहेबांनी टेबलावरची पेन्सिल कडेला समांतर केली. मग दुसरी केली. सगळी मांडणी सरळ झाल्यावर त्यांच्याकडे करायला काही उरलं नाही. "पान नव्हतं," ते म्हणाले. "दोन्ही नव्हती. प्रकाशक दाराशी बसलेला. इतिहासात भोक कसं ठेवायचं? म्हणून लिहिलं, शांतता."

"म्हणजे पान नाही ते नाही, वर शांतता!"

"आवाज चढवू नका."

"तुमचे वडील त्या तुकडीचे कप्तान होते. त्या दिवसांत नदीवरून माघार घ्यायचा हुकूम त्यांचा, हे तुमच्याच पुस्तकात आहे. ते पान नसण्यात फायदा कुणाचा, साहेब?"

म्हातारा ताडकन उठला.  "माझे वडील त्या लढाईबद्दल घरात एक शब्द बोलले नाहीत. मी इतिहास लिहिला तो त्यांना शोधायला. पानं चोरायची असती तर मी बारा तारीखही चोरली असती. त्या दिवसाची नोंद वाचलीत? त्यात वरिष्ठांनी केलेली त्यांची कानउघाडणी आहे, आणि ती मी माझ्या पुस्तकात छापलीय."

छापली होती खरी, पुढच्याच पानावर, शब्दन्‌शब्द.

बाई जिना उतरताना मनात आकडे लावत होत्या. चौदा वर्षांपूर्वी पानं गेलेलीच होती. तेव्हा दफ्तरदार इथं नव्हते आणि घड्याळजीला आत कुणी घेत नव्हतं. मेजरसाहेब राहिले, पण ज्याला लपवायचं असतं तो माणूस वडिलांची कानउघाडणी छापत नाही. आणि खरं लपवायचं ते अकरा तारखेत, मग वीसला हात कशाला लावला? साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्धा दिवस गेला होता. घड्याळात दीड वाजला होता.

आता माणसांना विचारण्यात अर्थ नव्हता. बाईंनी ठरवलं, पुस्तकालाच विचारायचं.

५

पान फाडलं की शिवणीपाशी त्याची फाटकी कड राहते, बोटभर नाही तरी नखभर. इथे तशी कड नव्हती. पातं फिरवल्याची खूण नव्हती. बाईंनी पानं मोजायला सुरुवात केली.

मोठे ताव मधोमध दुमडायचे, एकात एक घालायचे, आणि घडीत दोरा घालून शिवायचे; असा जो गठ्ठा होतो त्याला फर्मा म्हणतात. या रजिस्टराच्या प्रत्येक फर्म्यात सोळा पानं होती. एकाच फर्म्यात चौदा. त्या फर्म्याचा दोरा पंधरा आणि सोळा तारखेच्या मधे दिसत होता.

बाईंनी बोटं दुमडली. दोऱ्याच्या डावीकडे पंधरा, चौदा, तेरा, बारा, अकरा. उजवीकडे सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस. दोन्हीकडे पाचवं.

अकरा आणि वीस ही दोन पानं नव्हतीच. एकाच तावाची ती दोन अंगं होती. कुणी पान फाडलं नव्हतं. शिवण उसवून, ताव काढून, पुस्तक पुन्हा शिवलं होतं. चोराला अकरा हवी होती, वीस नुसती तिच्यासोबत गेली. आणि हे काम मेजराचं, दफ्तरदाराचं, घड्याळजीचं नव्हतं. हे बाइंडरचं काम होतं, आणि फार चांगल्या बाइंडरचं.

"हे पुन्हा बांधलं कधी?" त्यांनी विचारलं.

दफ्तरदारांनी जुनी नोंदवही काढली. "अठ्ठावीस वर्षं झाली. रजिस्टर बाहेर न्यायला मनाई, म्हणून बाइंडरला मागच्या खोलीत बसवून काम करून घेतलं. नाव नाही लिहिलेलं."

नावाची गरज नव्हती. बाईंनी शेवटचा फर्मा उघडून दोऱ्याची अखेर पाहिली. जगातला कुठलाही बाइंडर तिथे दोन गाठी मारतो. इथे तीन होत्या.

"एक गिऱ्हाइकाची, एक दुकानाची, एक आपली," बाईंना हे म्हणत म्हणत शिवायला शिकवलं होतं ते त्यांच्या वडिलांनी.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

६

आत्या खिडकीशी बसली होती. बाईंची चप्पल वाजली तशी तिनं मान वळवली. "मिळालं?"

"आत्या, बाबांनी कधी पलटणीत काम केलं होतं?"

आत्याचा हात मांडीवर थांबला. तेवढंच उत्तर पुरे होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मलाच काही कळलं नाही गं. तू तेव्हा दुसऱ्या गावी. माझा भाऊ तिथं आठवडाभर जात होता. एक दिवस दुपारीच परत आला. जेवला नाही. म्हणाला, ताई, बाबांचं नाव यापुढे काढायचं नाही. मी म्हटलं, का रे? तर म्हणाला, बाइंडरनं पानं मोजावीत, वाचू नयेत; मी आज वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातला आमच्या बाबांचा फोटो उतरवला. माझ्या ट्रंकेत आहे तो."

"त्याला पान दिसलं होतं. फरारी असं लिहिलं असणार."

आत्यानं डोळे मिटले. हा शब्द या घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला. "म्हणून मी तुला म्हणत होते, उकरू नकोस. आणि म्हणूनच मला नाव बघायचं होतं. दोन्ही खरं आहे. चार वर्षांची होते मी. त्यांनी मला खांद्यावर बसवून फाटकापर्यंत नेलं होतं. असा माणूस पळून जातो का?"

 राग बाबांचा येत होता आणि कीवही त्यांचीच येत होती. बाबांनी आपल्या बापाला वाचवायला आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि ती इतकी सफाईनं की अठ्ठावीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

"जाळलं असेल का गं त्यानं ते?" आत्यानं विचारलं.

बाई एकदम उभ्या राहिल्या. जाळलं? बाबा कापलेल्या कागदाच्या पट्ट्यासुद्धा जपून ठेवायचे. लिहिलेला कागद जाळणं त्यांच्या हातून झालंच नसतं. आणि घरी आणणार कसे? फाटकावर तेव्हाही पिशव्या उलट्या करत असणार.

म्हणजे ताव त्या इमारतीतून कधी बाहेर गेलाच नव्हता. आणि बाइंडर माणूस कागद लपवणार तो कुठे?

'हे एकच कपाटात धड बसत नाही,' दफ्तरदार म्हणाले होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाई तशाच धावत सुटल्या.

७

साडेचार वाजता दफ्तराच्या टेबलाभोवती चौघं उभे होते. दफ्तरदार नको नको म्हणत होते. मेजरसाहेबांना बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं, आणि घड्याळजी हातात यादी घेऊन आला होता.

बाईंनी रजिस्टराचा पुढचा पुठ्ठा चिमटीत धरला, मग मागचा. मागचा जाड होता, दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवल्यासारखा. त्यांनी आतल्या कागदावर ओलं फडकं ठेवलं. जुनी खळ हळूहळू सुटली. पातं सरकवून त्यांनी थर वेगळे केले.

मधे दुमडलेला ताव होता. वरच्या अंगाला अकरा तारीख. मधोमध आजोबांचं नाव आणि पुढे: रात्री पहाऱ्यावरून नाहीसा. फरारी.

 घड्याळजीनं यादी टेबलावर ठेवली आणि खाली बघितलं. बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं. मनाची तयारी करून आलेल्या माणसालाही लागतंच.

त्यांनी ताव उलटा केला. मागची बाजू कोरी, कारकुनाच्या सवयीप्रमाणे. घडी अजून पक्की होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या दाबानं तिची कडा धारदार राहिली होती. बाबांनी ती काढली तशीच पुठ्ठ्यात घातली होती, न उघडता.

वीस तारीख घडीच्या आत होती.

बाईंनी ओली बोटं पुसली. मग त्यांनी पातं आत घालून ताव उघडला. अक्षर कारकुनाचं नव्हतं. मेजरसाहेब पुढे झुकले.

"हे वडिलांचं अक्षर आहे," ते म्हणाले.

त्यांनी आधी मनात वाचलं. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. संशय अजून पुरता सुटला नव्हता. म्हाताऱ्यानं एकदा दाराकडे पाहिलं. मग घसा साफ केला आणि ताठ उभं राहून मोठ्यानं वाचायला लागला.

"अकरा तारखेची फरारीची नोंद रद्द. सदर शिपाई परवानगी न घेता नदीपलीकडे गेला, तो मागे राहिलेल्या गस्तीला आणायला. नऊ दिवस त्यांच्यासोबत लपून राहिला. काल रात्री तिघांना एकेक करून पाठीवरून पार आणलं. तिसरा हवालदार, बेशुद्ध. चौथ्याला आणायला परत गेला असता पाण्यात गोळी लागून कामी आला." ते थांबले. पुढची ओळ त्यांनी गाळली असती तरी त्या क्षणी कुणाला कळलं नसतं. "गस्त मागे ठेवून माघार घ्यायचा हुकूम माझा होता. सही, कप्तान."

घड्याळजीनं खिशातून पेन काढलं.  यादीच्या शेवटी त्यानं आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली सही केली. "आता यादी पुरी झाली," तो म्हणाला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

बाईंनी आत्याला सगळं सांगितलं, आणि तिच्या सांगण्यावरून वीस तारखेची नोंद तीनदा म्हणून दाखवली. आत्या रडली, मग हसली. शेवटी म्हणाली, "घडी उघडून बघितली असती एकदा, तर?"

"वाचायचं नाही हा नियम त्यांनी मोडला, पण अर्धाच मोडला, आत्या."

ट्रंकेतला फोटो घेऊन बाई दुकानात गेल्या. तिथल्या प्रत्येक खिळ्याला काहीतरी अडकवलेलं असे: दोऱ्याची रिळं, पट्ट्या, पिशव्या, बिलांच्या तारा. जागेची इतकी टंचाई होती. फक्त बाबांच्या बैठकीसमोरचा एक खिळा कायम मोकळा. त्याला कुणी काही लावलं की बाबा खेकसायचे आणि कारण कधी सांगायचे नाहीत. बाबा गेले तरी सवयीनं तो तसाच राहिला होता.

बाईंनी फोटोची दोरी त्या खिळ्याला अडकवली. ती बरोबर बसली.